पाहुणे येणार त्या दिवशी

नागम्माकाकूंनी ताटलीवरचं फडकं काढलं तशी धपाट्यांची वाफ माझ्या चष्म्यावर आली, आणि मला काही दिसत नव्हतं तेवढ्यात त्या म्हणाल्या, "गुरुवारी वर्षाला बघायला पाहुणे येऊन राहिलेत. तुमची लेकरं तेवढी त्या दिवशी मागच्या दारानं घ्या." मी हं म्हणाले. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला तोवर काकू अर्धा जिना चढून गेल्या होत्या, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्यात ते फडकं. आत हॉलमध्ये रिजवान, आमचा फिजिओथेरपिस्ट, आफियाला वॉकर धरून उभं करत होता, दोन्ही पाय, दोन्ही पाय, असं म्हणत. आणि माझा मिहीर खिडकीशी बसून चहाच्या गाळणीतून उजेड बघत होता. सगळं तसंच चाललं होतं. राग मला लगेच येत नाही. तो भोकरच्या एसटीसारखा उशिरा येतो आणि येतो तेव्हा दारापर्यंत खच्चून भरलेला असतो. पहिलं धपाटं मी मिहीरला भरवलं, चांगलं झालं होतं, वरून तीळ थापलेले. दुसऱ्याचा घास माझ्या तोंडात होता तेव्हा लक्षात आलं की मी चावतच नाहीये, जबडा नुसता आवळून बसलाय.

काकू वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं. त्या देगलूरकडच्या, बोलता बोलता एखादा तेलुगू शब्द टाकतात; आफियाला बंगारम म्हणतात, म्हणजे सोनं. तिच्या केसांच्या जटा सोडवून वेणी घालून देतात, ती लाळ गाळते तर स्वतःच्या पदरानं पुसतात. विशेष मुलांच्या या सेंटरला जागा शोधत मी अख्खा उन्हाळा नांदेड पालथं घातलं होतं. लहान मुलांसाठी हवीय म्हटलं की घरमालक हसत कुलूप काढायचे, कसली मुलं हे कळलं की तेच कुलूप हातात खेळवत उभे राहायचे. एकानं विचारलं, ओरडतात का. एकीनं विचारलं, लागण तर नसते ना, तिच्या सुनेला दिवस होते. काकूंचे यजमान व्यंकटराव, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी काहीच विचारलं नाही. खालचा मजला रिकामाच हाय, खेळतील लेकरं, एवढंच म्हणाले. दारापुढच्या पायऱ्या फोडून उतार करू दिला, आणि त्या सिमेंटवर सकाळ-संध्याकाळ नळी धरून स्वतः पाणी मारत राहिले. म्हणून तर जास्त लागलं. परक्या माणसानं दार लावलं तर आपण पुढच्या घराची कडी वाजवतो. ज्यांनी दार उघडलं तेच म्हणतात की आज या दारानं नको, मग कुठं जाऊन उभं राहायचं?

आमचं मूळ घर लातूरचं. लातुरात चौकाचौकात पोरांचे फोटो लागतात, गुणांसकट. सिग्नलला थांबलं तरी कुणा ना कुणाची हुशार मुलगी वरून आपल्याकडे बघत असते. माझा नवरा आदिनाथ तिथं क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा, सासरे मल्लिनाथ शाळेचे मुख्याध्यापक होते. जेवणाच्या पाटावरसुद्धा मार्कांचीच गोष्ट निघणाऱ्या त्या घरात मिहीर तीन वर्षांचा झाला आणि आई म्हणाला नाही, पाणी म्हणाला नाही. सासूबाईंनी वेखंड उगाळून जिभेला लावलं. सासऱ्यांनी मुळाक्षरांचा तक्ता आणून भिंतीवर ठोकला. मी त्याला कडेवर घेऊन हैदराबादच्या गाडीत बसले. तिथल्या थेरपी सेंटरमधल्या मॅडम काही विचारायच्या आधी त्याच्या शेजारी फरशीवर उताण्या पडल्या आणि त्याच्याबरोबर पंखा बघत राहिल्या, किती तरी वेळ. मग मिहीरनं त्यांचं बोट धरून पंख्याकडे उचललं. बघ, असं. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं वाक्य मी भिंतीला टेकून ऐकलं. दाराबाहेर बाकावर आणखी आया होत्या. एक हिमायतनगरची, एक भोकरची, एक कंधारची. रात्रभर प्रवास करून आलेल्या, मांडीवर लेकरू, पायाशी पिशवी. आपल्याच जिल्ह्यातल्या बायका मला परमुलखात त्या बाकावर भेटल्या याचा मला तेव्हा आनंद झाला होता. परतीच्या गाडीत त्याच गोष्टीनं डोकं फिरलं. आदिनाथला नांदेडच्या क्लासमध्ये बोलावणं आलं तेव्हा मी ठरवून टाकलं की हे इथंच झालं पाहिजे, स्टँडवर उतरून पायी येता येईल असं. संस्था नोंदवायला सात माणसं लागतात. सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, काम फार चांगलं आहे, पण आपलं नाव नको, लोक उगाच विचारतात. कोण लोक? मी आजपर्यंत त्या लोकांना भेटलेली नाही. सातवं नाव माझ्या आईनं दिलं.

सेंटर सुरू झालं आणि गावातले लोक पुण्य करायला येऊ लागले. वाढदिवस असला की केळी घेऊन येतात, केक घेऊन येतात, आमच्या मुलांना ओळीनं बसवून मागं उभे राहतात आणि फोटो काढतात. एका पुढाऱ्याच्या चिरंजिवाच्या वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी फुगे आणले होते, मी नको म्हणत असताना फोडले. ती मंडळी गेल्यावर शिल्पाचा बालाजी कानांवर हात घट्ट धरून टेबलाखाली बसला तो दुपार टळेपर्यंत बाहेर आला नाही. शिल्पा भोकरहून येते, तिला साडेचारची बस धरायची असते. ती टेबलाखाली वाकून म्हणत होती, चल बाळा, गेले ते, पुण्य करून गेले. ती हे हसत म्हणाली. मला हसता आलं नाही.

पण त्या दिवशी ताटली हातात घेऊन मी उभी होते तेव्हा यातलं काही आठवत नव्हतं. आठवत होती ती लातूरच्या घराची वरची खोली. माझ्या नणंदेला बघायला उदगीरचे पाहुणे येणार होते. सकाळी सासूबाई म्हणाल्या, वर गार आहे गं सुकन्या, मिहीरला घेऊन वरच बस, त्याला गर्दी सोसत नाही. किती मायेनं म्हणाल्या. ताट कुणाच्या हाती पाठवलं नाही, स्वतः जिना चढून आणलं, पुरी, बासुंदी, आणि मिहीर खातो तसा कोरडा भात वेगळ्या वाटीत. जाताना दाराला बाहेरून कडी लावली, वाऱ्यानं आपटतं म्हणून. खालचं सगळं ऐकू येत होतं, कपबशा, खुर्च्या सरकवणं, पाहुण्यांतल्या कुणाची तरी ढेकर. एका बाईनं विचारलं, थोरल्या सूनबाई दिसत नाहीत? सासूबाई म्हणाल्या, माहेरी गेलीय, लेकराला घेऊन. मी त्यांच्या बरोबर डोक्यावर बसले होते. आणि तेवढ्यात मिहीर हसला. पंख्याच्या पात्यावर उन्हाचा कवडसा पडून भिंतीवर फिरायला लागला की तो हसतो, पोटातून, लाह्या फुटाव्यात तसा. तसं हसू मी दुसऱ्या कोणत्या लेकराचं ऐकलेलं नाही. खाली एकदम शांत झालं. मग सासरे म्हणाले, शेजारचं लेकरू हाय. झालं, परत कपबशा वाजायला लागल्या. तर त्या दुपारी मी माझ्याच घरात बसून माहेरी गेलेली होते, आणि माझ्या मांडीवरचा माझा मुलगा शेजाऱ्यांचा होता. नणंदेचं जमलं. तिच्या नवऱ्याला मिहीर लग्नानंतर कळला, आणि आता तो आला की मिहीरला खांद्यावर घेऊन गच्चीत फिरवतो. म्हणजे आम्हाला लपवलं ते नेमकं कुणापासून, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मागचं दार म्हणजे काय, तर घराच्या कडेनं एक बोळ जाते, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटायचं. मध्ये उघडी नाली. मग धुण्याचा दगड, कायम शेवाळलेला, आणि मग लोखंडी दार, त्याला इतका उंच उंबरा की आफियाचा वॉकर उचलूनच आत घ्यावा लागतो, आफियालाही. एका दिवसाचा प्रश्न आहे, आदिनाथ म्हणाला. तो पेपर तपासत होता, मिहीर त्याच्या पाठीला पाठ लावून बसला होता. मी म्हटलं, एका दिवसाचाच होता तोही, लातूरला. त्यानं पेन खाली ठेवलं. तो त्या दिवशी क्लासला गेला होता, त्याला संध्याकाळी कळलं होतं, आणि तो आईशी बरेच दिवस नीट बोलला नव्हता. हे सगळं मला माहीत आहे, मी त्याला ते परत परत ऐकवते हेही मला माहीत आहे. तो हळूच म्हणाला, "तुझं बरोबरच आहे. पण तू त्या लेकरांच्या खांद्यावर बंदूक ठेवून लढतेस." मी उठून भांडी घासायला घेतली. घासताना मनात त्याला सांगत राहिले, की त्या लेकरांचे खांदे आधीच सगळ्यांनी वापरून झालेत, केक कापायला, फोटो काढायला, सोयरिकी जमवायला, मग मी एकदा वापरले तर जड का होतात? तेलाची कढई तेवढ्या जोरानं मी कधी घासली नव्हती.

मला वाटलं होतं, आया चिडतील. मी सांगितलं तेव्हा आफियाची आई बुशरा लेकीच्या बुटांचे पट्टे आवळत होती. ती मानसुद्धा वर न करता म्हणाली, त्यात काय ताई, येतो की मागून, बोळीत सावली तरी हाय. शिल्पा म्हणाली, आन् काकू त्या दिवशी वर लई काय काय करतील, खाली बी येईलच की वाटीभर. दोघी हसल्या. मी म्हटलं, तुम्हाला काहीच वाटत नाही? तेव्हा बुशरानं वर बघितलं. तिचा चेहरा लहान आहे, एखाद्या कॉलेजच्या पोरीसारखा. ती समजावल्यासारखी म्हणाली, "आमच्या घरी बी हेच हाय ताई. ननंदेची बात चालू झाली की आफियाला मी कंधारला अम्मीकडं सोडून येते. मेहमान गेले की आणते." जणू पावसाळा आला की गोवऱ्या आत घेते. आणि शिल्पा म्हणाली, "पोरीच्या जल्माचा सवाल हाय. आपल्या लेकरापायी तिचं मोडलं म्हंजी? पाप न्हाई का लागायचं?" आपल्या लेकरापायी. हे शब्द तिला कुणी शिकवले ते मला दिसत होतं, सासू, जाऊ, बसमध्ये बालाजीकडे बघून तोंड फिरवून बसणारी बाई, सगळ्यांनी मिळून. पण ओठ शिल्पाचेच होते, आणि राग आला तो शिल्पाचा. मी तिच्यावरच ओरडले असते. बालाजी मध्ये आला आणि माझ्या गळ्यात पडला, त्याला आवाज चढायच्या आधी कळतं.

वर्षाराणी, काकूंची लेक, संध्याकाळी आपणहून खाली आली. ती बीएड झालीय, मोकळी असली की आमच्या मुलांना रंग देऊन बसवते, मुलं तिला वर्षादीदी म्हणतात, जी म्हणू शकतात ती. मला वाटलं, ही म्हणेल की ताई, आईचं ऐकू नका. गोष्टींमध्ये असंच होतं. ती खडू उचलून डब्यात भरत म्हणाली, "ताई, मला हे स्थळ पाहिजे. आम्ही फोनवर बोलतो. मला तो आवडतो." मग खडूंकडेच बघत, "मागच्या वेळी निलंग्याच्या लोकांनी विचारलं होतं, खाली कुणाची लेकरं हायेत, घरातली तर न्हाईत ना. बाबांनी नाही म्हणून सांगितलं. तरी मग त्यांचा फोन आला नाही." तिचे कान लाल झाले होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. खरंच फिरवला, मनापासून, कारण हे सांगताना तिला किती लाज वाटत होती ते दिसत होतं. आणि तोच हात फिरवताना मी म्हणाले की वर्षा, मुलं पुढूनच येतील. ती माझ्याकडे बघत राहिली. कुणी आपल्याला जवळही घेतं आणि ढकलूनही देतं, ते कसं असतं हे बहुतेक तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं. मला ते जुनं आहे.

गुरुवारी काकूंनी फाटकात मोठी रांगोळी काढली होती. मी मिहीरला घेऊन फाटकाशी उभी राहिले, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पुढून या, मी स्वतः उभी आहे. ऊन चढायला लागलं. कुणीच येईना. मग घराच्या पाठीमागून लोखंडाचा आवाज आला, वॉकर भिंतीला घासल्याचा, आणि शिल्पाचा दबका आवाज, बालाजी हळू, पाय घसरंल. त्या आल्या होत्या. आपापल्या लेकराला उचलून, नाली ओलांडून, दगडावरून. मला न दुखवता, काकूंना न दुखवता. फाटकात मी एकटीच राहिले, राखण करत, कशाची कुणास ठाऊक. तेवढ्यात गाडी आली. मुलाचे वडील आधी उतरले, पांढरा शर्ट, खिशाला पेन, चेहऱ्यानं सज्जन. त्यांना मी घरातलीच वाटले. नमस्कार करून विचारलं, आपण वर्षाच्या कोण? मिहीर त्यांच्याकडे गाळणीतून बघत होता. जिन्यात काकू नवं लुगडं नेसून उभ्या होत्या, आणि त्यांचे डोळे मला हात जोडत होते. मी म्हणाले, "मी खाली सेंटर चालवते, विशेष मुलांचं. हा माझा मुलगा. बाकीची मुलं आज मागच्या बोळीतून आलीत, तुम्ही येणार म्हणून." सगळं एका दमात. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं मला वाटलं. काहीच झालं नाही. गृहस्थ म्हणाले, "वा, पुण्याचं काम करून राहिलात," मिहीरच्या डोक्यावर हात ठेवला, ते मिहीरला अजिबात खपत नाही, तो मागं सरला, आणि सगळी मंडळी रांगोळी चुकवत जिना चढून गेली. मी जे दगडासारखं फेकलं होतं ते त्यांनी फुलासारखं झेलून खिशात टाकलं. याच्यावर काय करायचं असतं?

आत गेले तर हॉल गप्प होता. आमचा हॉल कधी गप्प नसतो. आया भिंतीला ओळीनं बसल्या होत्या, रिजवान कुजबुजत शिकवत होता, दोन्ही पाय, दोन्ही पाय. बालाजीला गाण्याची हौस, येता-जाता गळा काढून गातो, तर शिल्पानं त्याच्या ओठांवर बोट ठेवलं होतं आणि तो त्या बोटाच्या आतच गुणगुणत होता, डोळे मोठे करून. कुणी त्यांना गप्प बसा म्हणून सांगितलं नव्हतं. वर खुर्च्या सरकल्या, कपबशा वाजल्या. मी छताकडे बघितलं आणि माझ्या पायाखालची फरशीच वरखाली झाली. या सगळ्या माहेरी गेल्या होत्या. वर्गण्या मागत, लोकांचे पाय धरत मी उभ्या केलेल्या या एका जागेत, जिथं यांना ओरडता यावं म्हणून मी भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, तिथं बसून या सगळ्या जणी माहेरी गेल्या होत्या, लेकरं घेऊन. मी खिडक्या उघडल्या. पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या, भिंतीला टेकवल्या. आलात तशा आलात, मी म्हणाले, जाताना इकडून जायचं. शिल्पा म्हणाली, राहू द्या ना ताई, आता होतच आलंय वरचं. बुशरा आफियाला उचलायला वाकली, मागच्या दाराकडे न्यायला, तर आफियानं अंग ताठ केलं. तिला येताना उचलून आणलं होतं, ते तिला आवडलं नव्हतं. ती एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "मै चलती." तिचं तोंड उजेडाकडे होतं. बुशरानं माझ्याकडे एकदा बघितलं, त्या बघण्यात प्रेम नव्हतं, आणि वॉकर लेकीपुढे ठेवला.

जिना आणि उतार फाटकाच्या आत एकाच जागी येऊन मिळतात, अरुंद आहे ते. आफिया उताराच्या मध्यावर असताना पाहुणे खाली आले. वॉकर पुढे, मग डावा पाय, मग उजवा, मग थोडं थांबायचं, श्वास घ्यायचा. तिला हेच शिकवलंय, आणि ती शिकवलेलं मोडत नाही. पाहुणे थांबले. मुलाच्या आईचा एक पाय चपलेत होता, एक फरशीवर. कुणीतरी मोबाइल काढला, परत ठेवला. व्यंकटराव वरच्या पायरीवरून म्हणाले की जरा बाजूला घ्या, पाहुण्यांना जाऊ द्या. बुशराचा हात लेकीच्या काखेकडे गेला.

"काका, ती चालतेय," मी म्हणाले. "होईल तिचं."

बुशराचा हात तिथंच हवेत राहिला, मग मागं आला. वॉकर रांगोळीवरून गेला, दोन पांढऱ्या रेघा ओढत. मागून बालाजी सुटला, बोटाखालचं सगळं गाणं एकदम मोकळं करत, आणि त्यानं गाठला तो नेमका नवरदेवच. त्याच्या गळ्यात पडला. मुलगा बरा होता दिसायला. त्याचे दोन्ही हात हवेत तसेच, कुठं ठेवायचे ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वर गॅलरीत वर्षा साडीत उभी होती. ती त्याच्याकडे बघत होती, त्या हातांकडे. ते खाली येतात का म्हणून. आफिया फाटकाबाहेर पडली तेव्हा पाहुणे गाडीत बसले.

त्यांचा होकार आला. रविवारी मध्यस्थानं येऊन सांगितलं, मुलगी पसंत आहे, फक्त साखरपुड्याच्या आधी खालचं तेवढं हलवा. व्यंकटरावांनी मला वर बोलावलं नाही, स्वतः खाली आले, खुर्चीवर बसले नाहीत. करार संपत आलाच आहे, पुढं करायला नको, म्हणाले. या माणसानं त्या उतारावर नळी धरलेली मी बघितलीय. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं आणि मला ते सोपं करून द्यायचं नव्हतं, म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या मागोमाग काकू आल्या, म्हणाल्या, "तुम्हाला काय मिळालं सुकन्या? सांगा तरी. एक दिवस तर होता." त्या रडत होत्या. मला त्यांच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला आणि ताटल्याही आपटाव्याशा वाटल्या. वर्षा म्हणाली, मी त्याला विचारलं ताई, तो म्हणाला त्याचं काही नाही, घरच्यांचं आहे. मी म्हटलं, बरं. मग सोमवारी आया येतील, त्यांना तू सांग. माझ्या तोंडून निरोप नको. सोमवारी ती आली, जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत. आफियानं तिला बघून वॉकर वळवला, तिच्याकडे निघाली, डावा, उजवा, श्वास. आफिया पोचेपर्यंत वर्षा तिथं थांबली नाही. तिची पाठ जिन्यात वळताना मला दिसली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की ही पोरगी सुखी होऊ नये. असं वाटलं, हे मी नाकारत नाही. मग ते गेलं. पूर्ण नाही. आयांना मीच सांगितलं शेवटी. मला वाटलं होतं, शिल्पा म्हणेल, बघा, सांगितलं होतं. ती म्हणाली, "नवीन जागा स्टँडच्या जवळच बघा ताई, मला बस धरायची अस्ती." बुशरा म्हणाली, तळमजलाच पाहिजे. थोड्या वेळानं, जाता जाता, "आन् उंबरा बघून घ्या." कंधारला ती त्या महिन्यात गेली नाही. तिच्या ननंदेला बघायला मेहमान आले तेव्हा आफिया घरात होती की नव्हती, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी ती सेंटरला आली होती एवढं मला ठाऊक आहे, पुढच्या दारानं, नवा फ्रॉक घालून.

आता परत तेच, क्लासहून आदिनाथ आला की मिहीरला बरोबर घेऊन घरं बघत फिरायचं. काल तरोड्याकडे एक घर बघितलं. तळमजला, पुढं अंगण, उतार काढता येईल एवढी जागा. मालकीणबाई पिठाचे हात घेऊन दारात आल्या, त्यांच्या मागं भिंतीवर पदवीच्या झग्यातला मुलीचा फोटो होता, ताजा. माझ्या तोंडात प्रश्न तयार होता. गेले कित्येक दिवस मी दर घरी हाच विचारते, आडून आडून: घरात कोण कोण असतं, मुलीचं शिक्षण झालं का, पुढं काय बघताय. मुलगी लग्नाची असली की मी आपणच म्हणते, जागा लहान पडेल. चांगल्या चांगल्या जागा सोडल्या मी अशा. कुणाच्या सोयरिकीत आमची लेकरं येऊ नयेत म्हणून सगळ्या गावाच्या वतीनं मीच काळजी घेत फिरतेय, हे मला त्या फोटोकडे बघताना कळलं, आणि मला स्वतःचा असा राग आला की कानशिलं तापली.

मिहीर त्या बाईंच्या पिठाचा वास घेत होता. मी म्हणाले, "आधीच सांगते. आमची मुलं बोलत नाहीत, काही चालत नाहीत, काही ओरडतात. ती पुढच्या दारानं येतील आणि पुढच्या दारानं जातील. तुमच्या मुलीला बघायला पाहुणे बसलेले असले तरी."

बाईंनी फोटोकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, मग मिहीरकडे. हाताचं पीठ हातावरच चोळत राहिल्या.

"आत तर या," त्या म्हणाल्या. "बसून बोलू. चहा टाकते."

मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.

"चहा नंतर घेते," मी म्हणाले. "आधी सांगा."